मामाचं तोंड आणि एक अजरामर सिनेमा

डोंबिवलीत आज साठीच्या पुढचा कुठलाही रसिक गाठा आणि त्या गाण्यांनी भरलेल्या विनोदी सिनेमाचा विषय काढा. तो डोळे मिटेल, मान डोलवेल आणि म्हणेल, "आम्ही पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहिलेला!" खोटं. साफ खोटं. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला मी गेलेलो. थेटरात आमचं घर, मामाच्या गायन मंडळातली माणसं, पंख्याखाली झोपायला आलेले एकदोन रिकामटेकडे आणि एक मांजर. हे सगळे रसिक तेव्हा कुठे होते? बहुधा मांजराच्या वेशात.

हा सिनेमा थोडासा आमच्या गच्चीवर जन्माला आला. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध, मी कॉलेजात. कोपरजवळची आमची बिल्डिंग, मागे खाडी. दिग्दर्शकाला म्हणे "मध्यमवर्गीय गच्ची" हवी होती. ती शोधायला तो मुंबईहून काळा चष्मा लावून आला, जणू मध्यमवर्ग डोळ्याला लागतो. गाण्यात नायकाने वाळत घातलेल्या पापडांमधून उड्या मारत नायिकेला मागणी घालायची होती. पापड बिल्डिंगमधल्या बायकांचे, खरे. नायकाने पहिल्याच उडीत माझ्या आईचे उडदाचे पापड तुडवले आणि वर "सॉरी मावशी" म्हणाला. आईने त्याला उभ्या आयुष्यात माफ केलं नाही. तो पुढे मोठा नट झाला, तरी टीव्हीवर दिसला की आई म्हणायची, "आला पापडतुडव्या."

त्या गाण्यात एक पेटी हवी होती. म्हणून दिग्दर्शकाचा माणूस आमच्याकडे राहणाऱ्या मामाकडे आला. मामा ठाण्याला कचेरीत कारकून, पण जगायचा नाट्यसंगीतावर. गायन मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात साथीला पेटीवर त्याची जागा ठरलेली. त्या जागेसाठी त्याने बढतीवरची बदली नाकारलेली. लग्नही बहुधा त्यामुळेच राहिलं.

"पेटी द्या ना तासभर," तो माणूस म्हणाला.

"पेटी एकटी जात नाही," मामा म्हणाला. "कुणाची बायको मागाल का तासभर?"

पेटीला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, हा पेटीवाल्यांचा धर्मच. तेव्हा पेटीमागोमाग मामाही कॅमेऱ्यासमोर आला.

"काका, तुम्ही नुसती बोटं फिरवा. गाणं मशीनवर वाजणार आहे."

नुसती बोटं! मामा खरंच वाजवू लागला. आता आमच्याकडे दुपारी विजेचा दाब असा, की पंख्याची पाती मोजता यायची. त्या दाबावर मशीन रेंगाळलं, गाणं उतरलं, आणि त्याचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध जाऊन बसला, जिथे पेटीला जागाच नसते. मामाने काळी एक धरून पाहिली, पांढरी एक धरून पाहिली. सूर कुठेच मिळेना. तेव्हा त्याचं तोंड झालं. वरचा ओठ नाकाकडे, एक भुवई कपाळावर, आणि डोळ्यांत असा भाव की कुणीतरी देवघरात सुकट भाजतंय.

दिग्दर्शक खुर्चीवरून उठला. "काका, वा! अस्संच राहा!"

मामाला वाटलं, आपल्या सुराच्या जाणकारीला दाद मिळाली. त्याने हौसेने अख्ख्या मंडळाला पहिल्या खेळाला नेलं.

पडद्यावर मामाचं तोंड आलं तेव्हा आधी ते रिकामटेकडे हसले. मग मंडळाचे अध्यक्ष. हे गृहस्थ स्वतःला गवई समजत, आणि दर वर्षी कार्यक्रमाचा शेवट त्यांच्याच पदाने होई. बाहेर आल्यावर उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "काय हो पेटीवाले, विदूषकी कधीपासून?" मग आवाज गंभीर करून, "सिनेमा थिल्लर आहे. आणि यंदा साथीला आपण दुसरं कुणी बघू. तुम्हाला पाहून लोक हसतील. नाट्यसंगीताचं पावित्र्य असतं."

मामा घरी आला, पेटीवर मखमली कापड घातलं आणि ते उचललं नाही. संध्याकाळी कचेरीतून येऊन तिच्याकडे पाठ करून बसायचा.

सिनेमा आठवडाभरात पडला, आणि पडला म्हणूनच जगला. पडलेल्या सिनेमाची रिळं स्वस्तात भाड्याने मिळत. तेव्हा विठ्ठलवाडीपासून टिटवाळ्यापर्यंत दर गणेशोत्सवात, दर सार्वजनिक पूजेला रस्त्यात पांढरा पडदा बांधून तोच सिनेमा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. पुढे सोसायट्यांचे सभ्य लोक घरून सतरंज्या आणून, आणि मागच्या बाजूला खाडीकाठचे कोळी-आगरी, ज्यांना चित्र उलटं दिसे आणि त्याचं काही वाटत नसे. हसायला त्यांनी सुरुवात केली. सभ्य लोक आधी मागे पाहत, हसावं का ते ठरवत, आणि मग हसत.

आमच्या दारावर येणारी कोळीण मामाला म्हणालीसुद्धा, "दादा, तू डावखुरा कवा झालास रं? पर त्वांड झ्याक केलंस!"

"अगं, तू मागून बघितलंस," मामा म्हणाला. थेटरातल्या त्या दिवसानंतर तो पहिल्यांदा हसला.

बघता बघता नव्वदचं दशक आलं आणि सिनेमा "अभिजात" झाला. ज्यांनी त्याला थिल्लर म्हटलं होतं त्यांनी त्यावर व्याख्यानं दिली. मग एक दिवस अध्यक्ष घरी आले, पेढे घेऊन. मंडळाने यंदाच्या वार्षिक कार्यक्रमात सिनेमाचा गौरव करायचं ठरवलं होतं.

"तुम्ही आमची शान! साथीला तुम्हीच. आणि मध्येच ते तोंड... जरा करून दाखवा हं."

"तोंड करता येत नाही," मामा म्हणाला. "साथ करीन."

आईने स्वयंपाकघरातून भांडं आपटलं. "दादा, ह्या माणसासाठी वाजवणार?"

"ह्याच्यासाठी नाही गं. जागा माझी आहे."

मखमल उचलली गेली.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. मामाने अशी साथ केली की पहिल्या रांगेतल्या जांभयाही तालात आल्या. त्याने तोंड काही केलं नाही, लोक थोडे हिरमुसले. शेवटी अध्यक्ष गायला बसले. काळी दोनची मागणी केली, आणि आलापाच्या तिसऱ्या वळणावर असे उतरले की आमच्या गच्चीवरचं मशीन बरं. मामाने वरची पट्टी धरली, खालची धरली. अध्यक्ष दोन्हींच्या मधोमध ठाण मांडून बसलेले. आणि मामाचं तोंड झालं. तेच. ओठ, भुवई, देवघरातलं सुकट.

सभागृह कोसळलं. टाळ्या, शिट्ट्या, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून लवून नमस्कार केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वन्स मोअर मिळालेला. त्यांनी पद पुन्हा पहिल्यापासून धरलं, दुप्पट आत्मविश्वासाने आणि तितकंच खाली.

घरी येताना रिक्षात मी विचारलं, "मामा, मुद्दाम केलंस ना रे?"

मांडीवरच्या पेटीवर हात ठेवून तो म्हणाला, "साथीदार मुद्दाम काही करत नाही. गवई नेईल तिकडे जातो." मग उतरताना, "पुढच्या वर्षीही शेवटी तेच गाणार आहेत. मी हो म्हटलंय."