इंदूताई आणि शेपटीतला माणूस

इंदूताई शेवाळे यांची आणि माझी ओळख त्यांच्या रागामुळे झाली. राग माझ्यावर नव्हता, एका रशियन नटावर होता. साल २००३. पुण्याहून मी नुकताच सिंगापूरला एका बँकेच्या संगणक विभागात आलो होतो आणि शनिवारी बुकित बातोकच्या लायब्ररीत फुकटची थंड हवा खायला जाऊन बसत असे. पलीकडच्या टेबलावर इरकली साडी नेसलेल्या, सत्तरीला टेकलेल्या एक बाई जाड रशियन पुस्तकावर भिंग धरून बसल्या होत्या. सगळीकडे शांतता, आणि बाई पुस्तकाला दरडावत होत्या, "अरे मेल्या, नट दाखवलास, पण तो जातो कुठे ते कोण सांगणार?"

परमुलखात 'मेल्या' कानावर पडलं की मराठी माणूस जागचा उठतोच. मी उठलो, नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून मला न्याहाळलं. "इंजिनिअर ना? मग हे चित्र बघ."

"ताई, मी सॉफ्टवेअरचा आहे हो."

"असू दे. नट बघायला तेवढं पुरतं."

नट अर्थातच मला ओळखता आला नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांचा बिनपगारी टंकलेखक झालो, तो आजतागायत. येत्या महिन्यात ताई पंचाहत्तरी पूर्ण करताहेत. या गौरवग्रंथात मोठमोठ्या मंडळींनी त्यांच्याविषयी लिहिलं आहे. मी लिहिणार आहे ते त्यांच्या एका चुकीबद्दल, कारण ताई किती मोठ्या आहेत हे मला त्या चुकीतच कळलं.

ज्यांना ताई केवळ आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या चकल्यांमुळे ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. ताई तरुणपणी पुण्यात रशियन शिकल्या. त्या काळी बाईमाणसानं रशियन शिकणं म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनं नसतं खूळ होतं. पुढे तीस वर्षं त्यांनी यंत्रांच्या रशियन माहितीपुस्तकांची भाषांतरं केली. त्यांतली बहुतेक यंत्रं त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिली नाहीत, पण त्यांच्या शब्दावर विसंबून कारखान्यातली माणसं यंत्रात हात घालत. "माझा एक शब्द चुकला तर कुणाचं तरी बोट जायचं," असं त्या म्हणतात, आणि हे सांगताना त्या कधीच हसत नाहीत. यजमान गेल्यावर त्या मुलाकडे सिंगापूरला आल्या. सोबत दोन सुटकेसी होत्या आणि एक जीर्ण पुस्तिका. रशियनच्या वर्गात सरावासाठी शिक्षकांनी दिलेली ही पुस्तिका एका बॉम्बफेकी विमानाची होती. ताई म्हणतात, लग्नातल्या भांड्यांपैकी एक उरलं नाही, पण पुस्तिका उरली.

ते विमान म्हणजे इल-२८. सोव्हिएत रशियाच्या पहिल्यावहिल्या जेट बॉम्बफेकी विमानांपैकी एक. १९४८ साली ते प्रथम उडालं. त्याआधी त्याच कारखानदारांनी चार इंजिनांचं एक विमान उडवून पाहिलं होतं, पण त्याच्या इंजिनांत दमच नव्हता. मग ब्रिटिश इंजिनांवरून बेतलेली दोन दमदार इंजिनं आली आणि जमलं. पंख सरळ, शेपटी मात्र मागे झुकलेली. आत माणसं तीन. पुढे काचेच्या नाकात दिशादर्शक, त्यामागे वैमानिक आणि पार शेपटीत, मागे तोंड करून, एकटा तोफची. संकट आलं तर पुढच्या दोघांना खुर्चीसकट बाहेर फेकलं जाण्याची सोय होती. शेपटीतल्या माणसाला ती नव्हती. त्यानं तळातलं दार उघडून उडी घ्यायची. हे वाक्य टंकून घेताना ताई दर वेळी थांबत.

या विमानाचा इतिहास मराठीत लिहायचा, हा त्यांचा ध्यास. "कोण वाचणार?" असं मी एकदा विचारून बसलो. ताई म्हणाल्या, "तू वाचतोयस ना? एक झाला."

लिहिण्याची त्यांची रीतही त्यांनी विमानापासूनच उचलली होती. इल-२८ चं धड म्हणे उभं चिरल्यासारखं दोन अर्धुकांत बनवत. दोन्ही अर्धुकं उघडी असतानाच आतल्या तारा, नळ्या, उपकरणं बसवायची आणि मग ती एकमेकांना जोडायची. वजन थोडं वाढे, पण काम सोपं होई. ताईंचं प्रत्येक प्रकरण असंच महिनोन्‌महिने उघडं पडलेलं असे. जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले, सूनबाई बिचाऱ्या ताटं मांडीवर घेऊन वाढताहेत. "ताई, मिटवा आता हे प्रकरण," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मिटवल्यावर आत हात जात नाही, अभय."

त्यांच्या मायेचा एकच प्रसंग सांगतो. पुढच्या वर्षी माझी नोकरी गेली. एम्प्लॉयमेंट पास नोकरीला बांधलेला, म्हणजे थोड्याच दिवसांत दुसरी मिळवा नाहीतर गाशा गुंडाळा. वुडलँड्सच्या भाड्याच्या खोलीत मी दाढी वाढवून छताकडे बघत पडलो होतो. ताईंचा फोन आला. सांत्वनाचा शब्द नाही. "उद्यापासून साडेनऊला यायचं. शर्टाला इस्त्री हवी. प्रकरण चार टंकायचंय." मी गेलो. रोज गेलो. दुपारी गरम वरणभात, संध्याकाळी 'उद्या साडेनऊ'. अठराव्या दिवशी नव्या बँकेत मुलाखत झाली. तिथे जाताना शर्टाला इस्त्री होती, ती ताईंच्या धाकामुळे. नोकरी मिळाली. पेढे घेऊन गेलो तर म्हणाल्या, "छान. पण प्रकरण चार अर्धंच राहिलंय."

आता त्या चुकीकडे येतो.

ताईंना कुठून तरी कळलं की सेम्बावांगला आपल्या लेकीकडे राहणारे पाक हसन ('पाक' म्हणजे मलयमधलं आदराचं 'बाबा') नावाचे वृद्ध गृहस्थ शेजारच्या एका देशाच्या हवाई दलात इल-२८ वर तोफची होते. ताईंचा आनंद गगनात मावेना. आयुष्यभर कागदावर पाहिलेल्या विमानातला जिवंत माणूस एमआरटीच्या लोकलनं जाण्याच्या अंतरावर होता! आम्ही दोघं गेलो. पाक हसन फक्त मलय बोलत, त्यांची लेक रोहानी इंग्रजीत सांगे. त्यांची कहाणी अशी: सरावाच्या एका उड्डाणात त्यांना बाहेर धूर दिसला. त्यांनी ताबडतोब वैमानिकाला कळवलं, वैमानिकानं ते इंजिन बंद केलं आणि एका इंजिनावर विमान सुखरूप उतरवलं. तिघंही वाचले. "कुठे दिसला धूर?" ताईंनी विचारलं. पाक हसननी डावा हात खांद्यापर्यंत उचलून म्हटलं, "सिनी." म्हणजे इकडे. रोहानीनं सांगितलं, "लेफ्ट साइड." ताईंनी लिहून घेतलं: डावं इंजिन.

मग रोहानीनं कपाटातून एक छायाप्रत काढली. वैमानिकाच्या उड्डाणवहीतलं त्या दिवसाचं पान होतं ते. त्यात स्पष्ट नोंद होती: उजवं इंजिन बंद केलं. तोफचीचा उल्लेखच नाही. रोहानी खांदे उडवून म्हणाली, "फादर ऑल्वेज मिक्स अप, लाह. एव्हरीबडी लाफ अॅट हिम." म्हातारा काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा तोच हात उचलला. जो मनुष्य बाजूच चुकीची सांगतो त्यानं धूर पाहिला तरी होता का, अशी सगळ्यांना शंका होती. आम्हालाही आली.

ताईंनी पुस्तकात लिहिलं की धुराची कहाणी पाक हसन सांगतात खरी, पण वयोमानामुळे त्यांना नीट आठवत नाही. ताईंचा एक दंडक होता: ज्याच्याविषयी लिहिलं त्याला छपाईआधी वाचून दाखवायचं. म्हणून आम्ही पुन्हा सेम्बावांगला गेलो. रोहानीनं ते वाक्य मलयमध्ये सांगताच पाक हसननी आपली खुर्ची खिडकीकडे वळवली आणि आमच्याकडे पाठ केली. निघताना ताईंनी नमस्कार केला. त्यांनी मान वळवली नाही.

ताई आठवडाभर बेचैन होत्या. मी समजूत घातली, "लेखी पुरावा आहे ताई. आणखी काय हवं?" छपाईचा दिवस ठरला होता, प्रकाशनाचा हॉल ठरला होता, निमंत्रणं गेली होती. बुकित बातोकच्याच औद्योगिक भागातल्या छापखान्यात शेवटची सीडी द्यायला आम्ही बसनं निघालो. गर्दी होती. ताईंना पुढची, मागे तोंड असलेली सीट मिळाली, मी त्यांच्यासमोर बसलो. छापखान्याची पांढरी इमारत दिसताच मी म्हणालो, "ताई, ती बघा, डावीकडे."

ताईंनी डावीकडे पाहिलं. "कुठाय? इथे तर पेट्रोल पंप आहे."

"अहो, डावीकडे!"

"ही डावीच आहे माझी!" त्या वैतागून म्हणाल्या आणि त्यांनी डावा हात वर करून दाखवला.

तो हात तसाच वर राहिला. त्यांनी आधी त्या हाताकडे पाहिलं, मग समोर पुढे तोंड करून बसलेल्या माझ्याकडे. मग त्यांनी उतरायची घंटा इतक्या जोरानं दाबली की चालकानं आरशातून पाहिलं. छापखाना मागे पडला. "सीडी खिशात ठेव," त्या म्हणाल्या. "सेम्बावांग."

रोहानीनं दार उघडलं तेव्हा पाक हसन खिडकीशी बसले होते. ताईंनी न विचारता जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, म्हाताऱ्यांच्या खुर्चीच्या पाठीला पाठ लावून ठेवली आणि मला तीवर बसवलं. "अभय, तू वैमानिक. पुढे बघ." मग रोहानीला म्हणाल्या, "बाबांना विचार, धूर कुठे?" पाक हसननी निमूटपणे आपला डावा हात उचलला. "अभय, ते दाखवताहेत त्याच बाजूचा तुझा हात वर कर."

मी वर केला. तो उजवा होता.

"आलामाक!" म्हणजे 'अरे देवा!', असं रोहानी ओरडली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. म्हाताऱ्यांनी मान वळवून माझा हात पाहिला, मग ताईंचा चेहरा. ते मलयमध्ये बोलले. सांगण्याआधी रोहानीनं डोळे पुसले. ते म्हणाले होते, "मी उलटा बसायचो, हे कुणाला सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही."

पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या ताई त्या फरशीवर खाली बसल्या आणि त्यांनी हात जोडले. "चूक माझी आहे. तुम्ही हात दाखवलात, मी तो डावा म्हणून लिहिला. तुम्ही कुठे तोंड करून बसला होतात, हे मीच पानापानावर लिहिलंय, आणि तुमच्याशी बोलताना मीच विसरले." रोहानीनं प्रत्येक शब्द बापाला सांगितला, मग स्वतःच्या वतीनंही काहीतरी सांगितलं. पाक हसननी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मला हुंदका आवरला नाही, हे मोकळेपणी कबूल करतो.

पुस्तक तीन आठवडे उशिरा आलं. निमंत्रणं नव्यानं गेली, माझी चिडचिड झाली, हॉलवाल्यांची समजूत ताईंनी चकल्या देऊन काढली. प्रकाशनाला पाक हसन काळी सोंगकोक टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. ताईंनी भाषण केलं नाही. त्यांनी आपली चूक सभेला सांगितली आणि बदललेलं वाक्य वाचलं: 'धूर सर्वप्रथम तोफची हसन यांनी पाहिला आणि तिघांचे प्राण वाचले.' पाक हसनना त्यातलं फक्त आपलं नाव कळलं. पण सभा उभी राहून टाळ्या वाजवू लागली तेव्हा तेही उठले आणि त्यांनी सैनिकी सलाम ठोकला. अर्धी सभा नुसती आयटीवाल्यांची आणि बँकवाल्यांची, पण त्या दिवशी सगळ्यांची छाती फुगली होती. मराठीतलं ते विमान आता वाचकांच्या घरात पोचलं आहे, आणि ताईंनी दुसऱ्या भागाचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले आहेत. सूनबाई पुन्हा मांडीवर ताटं घेऊन वाढताहेत.

ताई, तुमच्या हाताखाली मी नोकरी टिकवायला शिकलो, आणि आपलं चुकलं हे चारचौघांत सांगायलाही शिकलो. तुमचे डोळे शाबूत राहोत, भिंगाची काच बदलावी लागली तरी हातातली लेखणी न थरथरो, आणि दुसरा, तिसरा, हवे तेवढे भाग तुमच्या हातून होवोत. उद्याही साडेनऊला मी येईन, इस्त्री करून.

या ग्रंथासाठी शुभेच्छा घ्यायला मी गेल्या रविवारी पाक हसनकडे गेलो होतो. आता ते फारसं बोलत नाहीत. इंदूताई पंचाहत्तर वर्षांच्या होताहेत, त्यांच्यासाठी काही सांगाल का, असं रोहानीनं विचारलं. त्यांनी हात उचलला. मी वही सरसावली आणि धडा विसरलेलो नसल्यामुळे आधी ते कुठे तोंड करून बसलेत ते पाहिलं. तेवढ्यात त्यांनी दुसराही हात उचलला, दोन्ही तळवे छातीपुढे उघडे धरले आणि डोळे मिटून ताईंच्या दीर्घायुष्यासाठी दुआ मागितली.