अंतराळात जायचा ओटीपी

आमची भाची अंतराळात जाणार, ही बातमी वाडीपासून खापरखेड्यापर्यंत मी एकट्यानं पसरवली. माझ्या गल्लीतले ट्रकवाले विचारायचे, "कधी सुटते गा गाडी?" मी सांगायचो, "तिकीट पक्कं आहे, खिडकीची सीट भेटून नाही राहिली."

खरं सांगायचं तर पोरगी तेव्हा नुकती बारावी झाली होती आणि तिचं सगळं एका ओटीपीवर अडलं होतं. इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर तिनं पहिली पसंती मेकॅनिकलला दिली. फॉर्म पाचला बंद होणार, आणि तो पक्का करायचा ओटीपी येणार तिच्या बाबांच्या मोबाइलवर. भाऊजी खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं बॉयलरवर. तिनं चारदा ओटीपी मागवला, चारही वेळा त्यांनी मोबाइल खिशात घालून वर हात ठेवला.

"कम्प्युटर घे, एसीत बसशीन. मेकॅनिकल काहून पाहिजे वं तुले? मी भाजलो तेवढं पुरे झालं."

भाचीनं भिंतीवरचा कागद काढून आणला. जगभरचे अंतराळवीर, डावीकडे बाया, उजवीकडे माणसं, समोर प्रत्येकाचं शिक्षण. पायलट, डॉक्टर, रसायन, भूगर्भशास्त्र, मेकॅनिकल. मी चष्मा लावून दोन्ही बाजूंत फरक शोधला, डोळे फुटायची वेळ आली, सापडला नाही.

मला राहवेना. म्हटलं, "भाऊजी, यातली एक तर आधी बॉयलरवरच होती. यानाची चिमणी तिनंच वेल्डिंग केली."

"मामा, खोटं नका बोलू. यानाले चिमणी नसते."

भाऊजी हसले, पण हात खिशावरच. "वरती बिघाड झाला तर दुरुस्तीले कोण जाते?"

"जो असन तो. नाही तर जी असन ती. खालून माणूस नाही बोलावता येत, बाबा."

भाऊजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं. बॉयलरले पाणी देणारा फीड पंप थरथरून राहिला. पहिले काय पाहशीन?"

"खोलायचं काहीच नाही. पहिले पायाचे बोल्ट. मग अलाइनमेंट, पंप अन् मोटर एका रेषेत आहे का ते. मग बेअरिंग तापलं का ते."

"कोणत्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात नाही. तुम्हीच तर जेवता जेवता फोनवर ओरडता. मी समोरच बसली राहते ना."

भाऊजींचा हात खिशावरून सुटला. तेवढ्यात वीज केंद्राची घरघर थांबलेली मी या कानांनी ऐकली. बहीण म्हणते, फ्रीज बंद पडला होता.

मग त्यांनी मोबाइल काढला, हात लांब करून धरला आणि म्हणाले, "पुन्हा मागव. हं, लिही. चार. सात..." पाचला तेव्हा सात मिनिटं होती. मी बाहेर सात सेकंद सांगतो.

पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. कागद पुन्हा भिंतीवर लागला. डावीकडे सगळ्यात खाली भाऊजींनी पट्टी लावून एक रिकामी ओळ आखली आहे. नावाची जागा कोरी ठेवली, शिक्षण मात्र स्वतःच्या हातानं लिहून टाकलं.

वाडीत मी सांगून टाकलं, खिडकीची सीट भेटली.