रविवारचा हॉल

मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर येवल्याच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाईंचा. वर्गात गलका झाला की मी कानांवर हात दाबून बसायचो. इतर शिक्षक ओरडायचे. बाई मला बाहेर व्हरांड्यात बसून गणितं सोडवू द्यायच्या. विणकराच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो, तो त्यांच्यामुळे.

नाशिकला नोकरी लागल्यावर एका डॉक्टरांनी मला सांगितलं, की मी स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे. हे मी कुणालाच सांगितलं नाही. ऑफिसात डबा जिन्यात खायचो. कुणाचा वाढदिवस असला की टाळ्या सुरू व्हायच्या आत स्टोअररूममध्ये जायचो.

मग आमच्याकडे एक स्वमग्न मुलगी रुजू होणार असं ठरलं. सगळे एकत्र बसतात तो मोठा हॉल तिला मानवेल का, हे पाहायचं होतं. कामाच्या दिवशी खोळंबा नको म्हणून साहेबांनी रविवार निवडला. साहेब, एचआरच्या मॅडम आणि बसायची व्यवस्था पाहणारा मी, असे आम्ही तिघे रिकाम्या हॉलमधून फिरलो.

"किती शांत आहे बघा," मॅडम म्हणाल्या.

"तिचं सोडा, मलाच झोप येतेय," साहेब हसले. "चला, हॉल पास. काय मौनीबाबा, तुमचं काय?"

हो म्हणून सुटता आलं असतं.

"साहेब, हे उद्या बघायला हवं. सगळे फोन वाजत असताना. उद्या वाढदिवसाचा केकही आहे."

"केकनं काय होतंय रे? उलट पोरगी रमेल. आणि तुला बरं एवढं माहीत?"

आता बोललो तर नोकरीवर गदा येईल, असं वाटत होतं. तरी बोललो. "मीही तसाच आहे, साहेब. केक कापताना मी इथं कधी दिसलोय का?"

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचं हसू गेलं. ते घड्याळ बघत म्हणाले, "बरं. उद्या बघू."

हॉलचं बघू की माझं, ते विचारायचं धाडस झालं नाही. खोलीवर येऊन मी बाईंना पत्र लिहिलं आणि लगेच टपालपेटीत टाकलं.

आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.
मी स्वमग्न आहे, हे आज ऑफिसात सांगून बसलो. तुम्हालाही आत्ताच कळवतो आहे, राग मानू नका. घरी माहीत नाही. फार भीती वाटते. पण त्या मुलीला रविवारचा हॉल पाहून बोलावलं असतं, तर ती आठवडाभरही टिकली नसती, आणि दोष तिलाच लागला असता. उद्या मी वेळेवर जाणार आहे. काढून टाकलं तर आधी तुमच्याकडे येईन. बाबांना सांगताना तुम्ही सोबत असाल का?
तुमचा विद्यार्थी