निळ्या ड्रेसची घडी

चष्म्याची काच नुसती अंगठ्याने चाचपून तिचा नंबर सांगायची त्यांना खोड होती. पाव नंबर इकडेतिकडे व्हायचा, पण बहुतेक वेळा बरोबर निघायचं. म्हणून गावाकडे ज्या चष्म्याच्या दुकानात ते कामाला होते, तिथे लहानथोर सगळे त्यांना नंबरवाले म्हणत. खरं नाव कागदोपत्री तेवढं उरलं होतं.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी नंबरवाल्यांना परदेशात चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात तीन वर्षांच्या कराराने काम मिळालं. मूलबाळ नव्हतं. घरात बायको आणि बायकोचे वडील. आधी यांनी जायचं, जागा बघायची आणि तीन महिन्यांनी बायकोने वडिलांना घेऊन यायचं, असं ठरलं. निघताना बायकोने यांच्या दुसऱ्या बॅगेत आपलेही थोडे कपडे कोंबले. "तेवढंच माझं ओझं कमी," म्हणाली. एक स्वेटर होता, एक शाल होती आणि एक निळा ड्रेस, पिवळ्या बुट्ट्यांचा. नवाच होता, नुकता शिवून आलेला.

दोन महिने झाले नाहीत तोच सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. मग "बाबा जरा सावरले की येते" झालं, नंतर "त्यांच्याजवळ कोणी मिळालं की येते" झालं, आणि वर्ष सरेपर्यंत "बघू" झालं. दर रविवारी सकाळी फोन व्हायचा. बाबांचं औषध, गळका नळ, शेजारच्यांचं कुत्रं. बोलणं संपायचं नाही, पण येण्याचा विषय दोघंही पायवाटेवरच्या चिखलासारखा बाजूने ओलांडायची.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक कपाट, एक खिडकी. खिडकीत कपडे वाळत घालायचे नाहीत, अशी घरमालकिणीची पहिली अट. न्हाणीघरात दोरी बांधून बघितली, तर शर्ट तीन-तीन दिवस ओले राहून कुबट वास मारायचे. आणि नंबरवाल्यांच्या शर्टांची भानगड साधी नव्हती. काचेला शेवटची चकाकी देताना जी तांबूस भुकटी पाण्यात कालवून वापरतात, ती कितीही जपलं तरी बाह्यांवर आणि कॉलरवर बसायची. कारखान्यात डगला मिळायचा, पण भुकटीला डगल्याचं काय कौतुक! मुकादम स्वच्छतेचा भोक्ता. डाग दिसला की काही बोलायचा नाही, नुसता त्या डागाकडे बघत उभा राहायचा. बोललेलं परवडलं.

कोपऱ्यावर नाणं टाकून चालणारी यंत्रं होती. तिथे यांना उशीर झाला म्हणून कोणीतरी यांचे ओले कपडे उपसून यंत्राच्या डोक्यावर ठेवले, आणि त्यात कोणाचा तरी लाल मोजा राहिला. महिनाभर नंबरवाले आत गुलाबी बनियन घालून हिंडले. मग घरी येऊन कपडे नेणारी एक कंपनी गाठली. तिने यांची पँट हरवली आणि बदल्यात एक लहान मुलीचा फ्रॉक पाठवला. तिसऱ्याने शर्टाच्या बरोबर छातीवर इस्त्रीचं टोक उमटवलं. "परदेशात माणूस भेटेल, पण धोबी भेटायचा नाही," असं ते फोनवर बायकोला म्हणाले. ती खूप हसली. त्या आठवड्यात तेवढंच कोणी त्यांच्या बोलण्यावर हसलं होतं.

फ्रेममध्ये काच बसवणारी एक सहकारी होती, तिने पत्ता दिला. मागच्या गल्लीत चार पायऱ्या उतरून एक बुटकं दुकान होतं. आत वाफ, साबणाचा वास, भिंतीला टेकून फळ्या आणि फळ्यांवर कापडी पिशव्या. दुकान चालवणाऱ्या बाई साठीच्या असतील. मनगटं रुंद, हात उकडल्यासारखे लाल, केस रुमालात करकचून बांधलेले. त्याही या देशातल्या नव्हेत. दोघांनाही इथली भाषा मोडकीतोडकीच यायची, त्यामुळे उलट बरं पडलं. चुका काढायला कोणी नव्हतं.

बाईंनी शर्ट उजेडात धरला. डागावर नख घासलं, वास घेतला.

"हे रंगाचं नाही. मातीचं आहे."

"काच घासायची भुकटी," नंबरवाले म्हणाले.

"आधी कोणी गरम पाण्यात घातलं होतं?"

"सगळ्यांनी."

"गाढवं आहेत," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठीवर एक्केचाळीस आकडा लिहिला. तो यांच्या पिशवीचा नंबर.

पुढच्या गुरुवारी शर्ट मिळाले ते कोरे करकरीत. सोबत एक पाकीट होतं. त्यात खिशात सापडलेल्या वस्तू: बसचं तिकीट, एक सुटी गुंडी, डोकेदुखीची अर्धी गोळी. अर्धी गोळीसुद्धा टाकून दिली नव्हती. नंबरवाले ते पाकीट हातात धरून पायरीवर क्षणभर थांबले. आपल्या खिशात काय असतं याची इतकी चौकशी खूप दिवसांत कोणी केली नव्हती.

ड्रेसचं निमित्त ओल्या हवेने झालं. कपाटात बायकोच्या कपड्यांना वास यायला लागला, तेव्हा यांनी तो निळा ड्रेस एका गुरुवारी पिशवीत टाकला. बाईंनी तो वर उचलला आणि विचारलं, "मॅडमचा?"

नंबरवाल्यांनी हो म्हणून मान हलवली. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण बाई लगेच म्हणाल्या, "बरं झालं. मला वाटत होतं तुम्ही एकटे राहता," आणि नंबरवाल्यांनी पुन्हा मान हलवली. झालं. एवढ्याशा मान हलवण्यात माणूस परमुलखात बिऱ्हाड थाटून बसला.

पुढच्या वेळी बाईंनी विचारलं, "मॅडम बऱ्या आहेत ना?" हे म्हणाले, बऱ्या आहेत. त्यानंतर ड्रेस दर पंधरवड्याला पिशवीत जाऊ लागला. बाई विचारायच्या आणि हे सांगायचे. मॅडमना सर्दी झाली आहे. मॅडम आज बाजारात गेल्यात. मॅडम शेजारच्या मुलींना शिवण शिकवतात. एकदा बाई म्हणाल्या, "बाहीची शिवण उसवली होती, टाका घातलाय. त्यांना सांगा." हे म्हणाले, "सांगतो." आणि परतीच्या वाटेवर खरंच मनातल्या मनात सांगत आले. मॅडम काय उत्तर देतील तेही ठरवलं. खोलीचं कुलूप उघडेपर्यंत संभाषण बरं चाललं होतं. दार उघडलं आणि ते तुटलं. पलंग, कपाट, खिडकी. ड्रेस घडीसकट आत ठेवून त्यांनी कपाट बंद केलं.

आपण करतो ते बरोबर नाही, हे त्यांना कळत होतं. पण आठवडाभर कारखान्यात "हो", "नाही", "झालं" एवढेच तीन शब्द पुरायचे. गुरुवारी दहा मिनिटं का होईना, त्यांच्या घरात दोन माणसं असायची.

असं सव्वा वर्ष चाललं. मग एका गुरुवारी नंबरवाले चार पायऱ्या उतरून गेले, तर बाई गल्ल्यामागे हात बांधून उभ्या होत्या. पिशवी फळीवर नव्हती.

"माझ्याकडून चूक झाली," बाई म्हणाल्या. "वरचा नळ गळला. तुमच्या पिशवीवर थेंब पडत राहिले. लोखंडी फळीचा गंज कपड्याला लागला."

"असू द्या हो. शर्टच ते."

"शर्ट नाही." त्यांनी निळा ड्रेस समोर पसरला. पोटाच्या जागी तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. "दोनदा काढून बघितला. फिका झालाय, जाणार नाही. कपडा त्यांचा आहे. त्यांना मी स्वतः सांगणार. घर कुठे तुमचं?"

"नको नको. मी सांगेन ना."

"चूक माझी आणि सांगणार तुम्ही? दुकान बंद करून आत्ता येते."

बाई खरोखरच रुमाल सोडायला लागल्या. नंबरवाल्यांनी दाराकडे बघितलं. ते पाच पावलांवर होतं.

"ती इथे नाही," ते म्हणाले. "गावाला आहे. इथे कधी आलीच नाही."

बाईंचे हात थांबले. त्यांना धक्का बसेल, राग येईल, निदान हसू तरी येईल, असं यांना वाटलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि दुसरी खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"ठाऊक आहे," म्हणाल्या.

"कसं?"

"अंगावर घातलेला कपडा कळतो. काखेत, मानेशी, बसतो त्या जागी. हा कधी कोणी घातलाच नाही. माझ्या हातची घडी जशीच्या तशी परत यायची. तिसऱ्या खेपेपासून मी धुतलासुद्धा नाही. उगाच विरला असता. नुसती घडी मोडायचे आणि इस्त्री फिरवायचे."

"मग दर वेळी कशाला विचारायचात, मॅडम कशा आहेत म्हणून?"

"तुम्ही सांगायचात म्हणून. आज डाग पडला, म्हणून खरं काढून घ्यावं लागलं." बाईंनी ड्रेसची बाही सरळ केली. "पण मला एक सांगा. ती आहे ना? म्हणजे... गेलेली नाही ना?"

"नाही, नाही. आहे. दर रविवारी बोलतो आम्ही."

"मग तिला डागाचं सांगा. कपडा कोणी घातला नाही म्हणून बिनमालकाचा होत नाही. ती काय म्हणाली ते मला येऊन सांगायचं. या वेळी खरं."

रविवारी फोन लागला तेव्हा बायको वडिलांना चमच्याने पेज भरवत होती. फोन कानाशी दाबून धरलेला असणार, कारण मधूनच "आ करा, बाबा" असं ऐकू यायचं. नंबरवाल्यांनी सगळं सांगून टाकलं. ओल्या हवेपासून डागापर्यंत. मॅडमसुद्धा.

मग ती म्हणाली, "निळा? पिवळ्या बुट्ट्यांचा? तो तिकडे आहे होय! मी इथे दोनदा कपाट उपसलं त्याच्यासाठी." ती हसली. मग म्हणाली, "आणि काय काय सांगायचात हो त्या बाईला माझ्याबद्दल?"

"सर्दी झाली म्हणून."

"अजून?"

"तू शिवण शिकवतेस म्हणून."

"अगं बाई! मला धड गुंडी लावता येत नाही." पुन्हा हसली, पण या वेळी हसू अर्ध्यातच थांबलं. पेजेची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. "अहो, एक विचारू? मी येणार नाही, हे तुम्हाला कधीपासून कळलं होतं?"

नंबरवाल्यांनी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या घरात कोणीतरी पडदे काढून झटकत होतं.

"तू कधी ठरवलंस?" त्यांनी विचारलं.

"ठरवलं कुठे? आजचा दिवस जाऊ दे, म्हणत गेले. दिवस जात राहिले." मग ती म्हणाली, "तुम्ही विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं. विचारत नाही म्हणून मला वाटायचं, तुम्हाला तिकडे करमतंय."

तिकडून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला आणि ती "ठेवते" म्हणून उठली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "डागाचं मनाला लावून घेऊ नका म्हणावं त्यांना."

हा निरोप त्यांनी गुरुवारी जसाच्या तसा पोचवला. बाईंनी मान डोलावली आणि ड्रेस कागदात बांधून दिला. त्यानंतर पिशवीत फक्त शर्ट, पँटी, बनियन. पण एक गोष्ट नंबरवाल्यांच्या लक्षात आली. आता दुकानात बोलायला काही उरलं नव्हतं. बाई चिठ्ठी द्यायच्या, हे पिशवी घ्यायचे. खोटं होतं तोवर दोघांच्यात एक तिसरं माणूस तरी होतं. खरं सांगितलं आणि ते उठून गेलं. बाईंनाही ते जाणवलं असावं. एकदा त्यांनी विचारलं, "फोन झाला?" हे म्हणाले, "झाला." एवढंच.

फोनवर मात्र उलट झालं. बोलणं कमी झालं, पण ती दोघं आता कुत्र्याबद्दल आणि नळाबद्दल बोलत नसत. ती सांगायची, कधीकधी बाबांचा राग येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. हे सांगायचे, परवा तीन दिवस आजारी होतो, कोणाला कळलंसुद्धा नाही. मधे मोठमोठ्या गप्प जागा पडायच्या आणि कोणी फोन ठेवायचं नाही.

करार संपायला चार महिने उरले तेव्हा मुकादमाने आणखी दोन वर्षांचा कागद पुढे ठेवला. तुमच्यासारखा हात दुसरा नाही, असं पहिल्यांदाच तोंडाने म्हणाला. नंबरवाल्यांनी कागद घरी आणला, आठवडाभर टेबलावर ठेवला आणि रविवारी बायकोला सांगितलं, सही करत नाही म्हणून.

"इथे येऊन काय करणार?" ती म्हणाली. सूर कोरडा, हिशेबी. "दुकानात तुमची जागा आता दुसऱ्याला दिली आहे."

"बाबांना कूस बदलायला रात्रंदिवस तू एकटीच असतेस. दोन माणसं लागतात त्याला."

पलीकडे पुन्हा गप्प जागा पडली. यांनी ती पडू दिली.

"तुम्हाला जमायचं नाही ते," ती शेवटी म्हणाली. "पाठ धरते त्याने." आणि मग, "कधीचं तिकीट काढताय?"

त्यांनी तारीख सांगितली. तिने ती दोनदा विचारून लिहून घेतली. फोन ठेवल्यावर नंबरवाले खिडकीपाशी उभे राहिले. अजून सोळा आठवडे होते. बाहेर रविवारचं लख्ख ऊन पडलं होतं, रस्त्यावर माणसं जोडीजोडीने चालली होती, आणि उद्या सकाळी कामावर जाईपर्यंत त्यांना एक शब्द बोलायलाही कोणी मिळणार नव्हतं.