शुद्धलेखनाची कोरी वही

१६ जून, सोमवार. सकाळी सव्वापाचला मी नऊ वह्यांना खाकी कव्हरं घालायला बसले. हे काम आदल्या आठवड्यात व्हायला हवं होतं. पण दरवर्षी ते माझी धाकटी जाऊ करायची, त्यामुळे आता कोणी करायचं हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मे महिन्यात तिला कावीळ झाली आणि अकराव्या दिवशी ती गेली.

आमची दोघींची घरं ठाकुर्लीत एकाच मजल्यावर, समोरासमोर. तिची मुलगी यंदा तिसरीत. माझे दोन्ही मुलगे कॉलेजात, शाळेची सकाळ कशी असते ते मी विसरले होते. कव्हरं घातली, लेबलं लावली, बटाट्याची भाजी करून डबा भरला आणि समोर गेले.

दीर तिच्या वेण्या घालत होते. शाळेचा नियम दोन वेण्यांचा, दुमडून वर पांढऱ्या रिबिनी. समोर मोबाइलवर व्हिडिओ लावलेला.

"पप्पा, ही वेणी नाही, कोथिंबिरीची जुडी आहे."

"हलू नकोस. ती अजून दाखवतेय."

"ती कधीच दुसऱ्या वेणीवर गेली."

मी कंगवा घेतला आणि पाच मिनिटांत दोन्ही वेण्या घातल्या. एक जरा वर, एक जरा खाली.

"वहिनी, उद्यापासून मी लवकर उठतो," दीर म्हणाले.

"वेळेचा प्रश्न नाही भाऊजी, हाताचा आहे. रोज घाला, येईल."

त्यांनी मान हलवली आणि इस्त्री बंद केली का ते बघायला गेले. इस्त्री बंदच होती. त्या महिन्याभरात ते दिवसातून कितीतरी वेळा इस्त्री बघून यायचे.

मला त्या सकाळी काहीही वाटत नव्हतं. सहा पन्नासला व्हॅन येणार होती, तेवढंच डोक्यात होतं.

खाली गेटपाशी उभ्या होतो तेव्हा ती म्हणाली, "काकू, शाळेत कोणाला सांगायचं नाही हं."

"काय?"

"आईचं. तिथे कोणाला माहीत नाहीये. तिथे मी नेहमीसारखीच जाणार."

मी म्हटलं, "बरं."

शाळेत सगळ्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं. जलदान विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जावेचा फोन घेऊन बसले होते. गॅसवाला, भिशी, नातेवाईक, एकेकाला कळवत गेले. त्यात वर्गातल्या आयांचा ग्रुप होता. मी कल्याणला एका वकिलांकडे टायपिंग करते. हाताला वळण अर्जाचं. तसंच लिहिलं. कळविण्यास दुःख होते की अमुक, तरी सदर नंबर ग्रुपमधून काढून खालील नंबर घ्यावा ही विनंती. दोन मिनिटांत तिचा नंबर निघाला, माझा आला आणि माझ्या फोनवर जोडलेल्या हातांची रांग लागली. वर्गशिक्षिकाही त्याच ग्रुपवर. एक काम झालं म्हणून मी यादीत त्यावर काट मारली. मुलीला आधी विचारावं, असं मनातही आलं नाही.

व्हॅन वळणावर दिसली. सांगायला अर्धं मिनिट होतं. मी तिच्या वॉटरबॅगचा पट्टा सरळ केला. ती चढली आणि व्हॅन गेली.

मी सुट्टी घेतली होती. वर येऊन दोन्ही घरांची भांडी घासली, रात्रीची चपाती चहाबरोबर खाल्ली. मग जावेचं कपाट उघडलं, साड्या होत्या तशाच ठेवून बंद केलं.

ती सव्वाला आली. डबा भरलेला. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात सात-आठ चॉकलेटं.

"डबा का नाही खाल्ला?"

"सगळ्यांनी मला त्यांचा दिला. टीचरनी सांगितलेलं त्यांना." तिने बूट काढले. "तू सांगितलंस ना?"

"हो."

"कधी?"

"सुट्टीत."

"मग सकाळी बरं का म्हणालीस?"

"चुकलं माझं."

ती आत गेली. हातपाय धुऊन आली आणि मग सांगायला लागली. सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन लिहायचं होतं. चौदा जणांनी लिहिलं नव्हतं, त्यांना टीचरनी उभं केलं. तिचीही वही कोरीच होती, म्हणून तीही उभी राहिली. टीचर म्हणाल्या, तू बस, बाळा.

"मग मी एकटीच बसले. माझ्या बाजूची म्हणाली, हिचं बरंय."

ती रडत असती तर काय करायचं ते मला माहीत होतं. पाणी द्यायचं, तोंड पुसायचं. ती रडत नव्हती. चॉकलेटं तिने एका रांगेत लावली आणि म्हणाली, "उद्यापासून मी जाणार नाही."

संध्याकाळी दिरांना सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे वहिनी दोन दिवस."

"दोनाचे आठ होतील, भाऊजी."

"मग काय करायचं?"

तेव्हा मलाही माहीत नव्हतं. ती जेवली आणि पप्पांकडे पाठ करून झोपली.

मंगळवारी पाचला उठले. तिच्या दप्तरातून शाळेची डायरी काढली आणि पालकांच्या पानावर लिहिलं, "महोदया, माझ्या पुतणीचे सुट्टीतील शुद्धलेखन अपूर्ण आहे. इतर विद्यार्थ्यांना जी शिक्षा आहे तीच तिलाही द्यावी. तिला वेगळे वागवू नये, ही विनंती." खाली सही केली, सहीखाली 'काकू' लिहिलं.

तिला उठवून डायरी हातात दिली. तिने अंथरुणातच दोनदा वाचलं.

"आणि उभं करून झालं असेल तर?"

"तर लिहायला लावतील. रोजचं एक पान धर, चाळीसच्या वर जाईल."

"चाळीस?"

"सगळ्यांना लावतील."

तिने डायरी मिटली. मग उठली आणि मोजे शोधायला लागली. मी कंगवा आणि रिबिनी दिरांच्या हातात दिल्या आणि डबा भरायला गेले.