ओडील रोशा आणि बंद ठेवलेली मुलाखत

ओडील रोशा आमच्या संग्रह विभागात आली तेव्हा सगळा कारभार कागदावर चालायचा. आमची संस्था निर्वासितांसाठी काम करणारी. देशोदेशींच्या छावण्यांतलं सारं जिनिव्हात येऊन साठायचं. पुढे कागदाच्या जागी फ्लॉप्या, कॅसेट, सीडी येऊ लागल्या, आणि ओडीलच्या लक्षात आलं की कागद शंभर वर्षं तग धरतो, या वस्तू मात्र दहा वर्षांत मुक्या होतात. वस्तू धडधाकट असते, पण ती वाचणारं यंत्रच बाजारातून गेलेलं असतं. मग तिचा जन्म एकाच कामात गेला. जुन्यातलं नव्यात उतरवायचं, आणि प्रत्येकाच्या तीन प्रती तीन वेगळ्या गावांत ठेवायच्या.

मी शेजारच्या टेबलावर बसायचो. एकदा म्हणालो, "घरी उरलेला पावसुद्धा तू तीन ठिकाणी ठेवत असशील."

"ठेवते ना. दोन ठिकाणचा तुझ्यासारखे खाऊन टाकतात."

बोस्नियाच्या युद्धातल्या मुलाखती संशोधकांना खुल्या करायचं ठरलं, तेव्हा ही बातमी वाचून एक बाई आमच्याकडे आली. सेनाडा तिचं नाव. बील नावाच्या गावात घड्याळाच्या कारखान्यात कामाला होती. एकोणीस वर्षांची असताना छावणीत तिने आमच्या माणसांना सगळं सांगितलं होतं. ती कोटसुद्धा न काढता बसली.

"माझं बोलणं पुसून टाका," ती म्हणाली. "तेव्हा विचारलंत, मी सांगितलं. नाही म्हणता येतं हेच ठाऊक नव्हतं मला. आता माझ्या मुली मोठ्या झाल्यात."

वीस वर्षं ओडील एकेक फाईल वाचवण्यासाठी भांडत आली होती. तरी ती उठली आणि थेट विभागप्रमुख मार्शाँसाहेबांकडे गेली. मीही मागोमाग गेलो.

"पुसायचं? आणि हे तू म्हणतेस, ओडील?"

"ती म्हणतेय, साहेब. आवाज तिचा आहे."

"आज हिचं पुसलं, तर उद्या ज्यांनी अत्याचार केले तेही येतील पुसून मागायला. त्यांना काय सांगशील?"

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं, ओडीललाही ते कळत होतं. पण ती हटून बसली, आणि शेवटी एवढं पदरात पडलं: मुलाखत राहील, पण सेनाडा आणि तिच्या मुली हयात असेपर्यंत कुणालाही उघडता येणार नाही.

ओडीलने आडवळण न घेता सेनाडाला हे सांगितलं. "तुम्ही मागितलंत ते नाही देऊ शकले मी."

सेनाडाने उठून खिडकी लावली. तळ्यावरून गार वारा सुटला होता. मग म्हणाली, "निदान मला एकदा ऐकवा. बंद काय करताय ते तरी कळू दे."

मी बाहेर जायला उठलो, तर ती म्हणाली, "बसा हो, तुम्हाला कुठे आमची भाषा कळते."

फाईल लागली. कोवळा, भराभर बोलणारा आवाज. सेनाडा मान खाली घालून ऐकत होती. मध्येच मागून कुणी मुलगा काहीतरी म्हणाला आणि खोकला. सेनाडाने टेबलाची कड घट्ट धरली.

"एनेस," ती म्हणाली. "माझा भाऊ. विचारतोय, अजून किती वेळ, भूक लागलीय."

एनेस मुलाखतीनंतर त्याच हिवाळ्यात वारला होता. त्याचा फोटो तिच्याकडे होता, आवाज कुठेच नव्हता. ओडीलने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा.

जाताना सेनाडा त्या तुकड्याची प्रत घेऊन गेली. "म्हणून मी खूश आहे असं समजू नका," ती दारात म्हणाली. "माझं पुसायला हवं होतं."

"हो," ओडील म्हणाली.

त्यानंतर ओडील निवृत्त होईपर्यंत आमची यंत्रणा दोनदा बदलली. दोन्ही वेळा ती मुलाखत तिने इतर कुणाच्या हाती न देता स्वतः नव्या जागी नेली. फाईल शाबूत आहे की नाही, हे न ऐकताही तपासता येतं. तिने तेवढंच तपासलं. आता ते काम माझ्याकडे आहे.