तीस मिनिटांचा नियम

इस्पितळात सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणत. तळघरातल्या गारठलेल्या खोलीत बसून ते मेलचा सर्व्हर सांभाळायचे. मेल पोचली तर कुणाला त्यांची आठवण नसे. अडली की सगळे त्यांच्या नावाने खडे फोडत.

त्या सोमवारी ती अडलीच. तपासण्यांचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनात. पोस्टमास्तरांनी यादी काढली, तर निम्मी कनेक्शनं नुसतीच ठिय्या देऊन बसलेली. लोकांनी मेल उघडून तशीच सोडलेली. काही मागतही नाहीत, जागाही सोडत नाहीत. मग त्यांनी नियम बसवला: तीस मिनिटं हालचाल नाही, की कनेक्शन तोडायचं. रिपोर्ट धडाधड निघाले. पोस्टमास्तरांचा जीव भांड्यात पडला.

दुपारी फोन वाजला.

"भाऊजी, मी बोलतेय."

एक्स-रेवाल्यांची बायको. एक्स-रेवाले म्हणजे वीस वर्षं त्यांच्यासोबत एकाच बाकावर जेवलेला मित्र. पाच महिन्यांपूर्वी छातीत कळ येऊन गेला.

"घरी ह्यांच्या कॉम्प्युटरवर मेल उघडीच असायची. आज अचानक पासवर्ड मागतोय. मला कुठला ठाऊक?"

पोस्टमास्तरांना सकाळचा नियम आठवला. "बघतो, वहिनी," एवढंच म्हणाले.

नवा पासवर्ड देणं दोन मिनिटांचं काम. पण माणूस सरळमार्गी. त्या मेलमध्ये पेशंटचे कागद होते, म्हणून साहेबांना विचारायला गेले.

"ते खातं अजून चालूच आहे?" साहेब ताठ बसले. "आजच बंद करा."

कुठून विचारायची बुद्धी झाली, असं त्यांना झालं. साहेबांची परवानगी काढून घरगुती पत्रं तेवढी छापली, अकरा भरली. खातं स्वतःच्या हाताने बंद केलं आणि संध्याकाळी वहिनींच्या दारात उभे राहिले. मित्राला पोचवून आल्यापासून ते इकडे फिरकलेच नव्हते.

वहिनींनी पाकीट घेतलं, उघडलं नाही.

"मी वाचत कुठे होते, भाऊजी? त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका असायचा. येता-जाता बघायचे. वाटायचं, आहेत कामावर."

"तो मीच घालवला, वहिनी. नियम माझाच. आणि आता खातंही बंद केलंय."

वहिनींनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"पेशंटचे रिपोर्ट अडले होते?"

"हो."

"मग बरोबरच केलंत." त्या कॉम्प्युटरकडे वळल्या. "हा बंद कसा करायचा तेवढं दाखवून जा. मला नुसता पुसता येतो."

पोस्टमास्तरांनी बटण दाखवलं. ते वहिनींनीच दाबलं. पाच महिने अखंड चाललेली बारीक घरघर थांबली.

"चहा टाकते," म्हणत त्या घाईने आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत राहिला. पोस्टमास्तर जागचे हलले नाहीत.